बद्द आवाज

१

मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्याकडे छात्या ठोकायचं काम असे. काराकोलचा क्षयाचा दवाखाना म्हणजे गाव सोडून गेलेल्या एका तातार व्यापाऱ्याचं लाकडी घर. पुढच्या खोलीत वजनकाटा, मधल्या खोलीत आम्ही, मागच्या खोलीत सूक्ष्मदर्शक आणि निळ्या काचेच्या थुंकीच्या बाटल्या. सकाळी आठपासून ओसरीवर माणसं उभी असायची. कोण कोण आलंय ते मी कोट काढता काढता खोकल्यांवरून ओळखायची.

छाती ठोकण्यात काही जादू नाही. डाव्या हाताचं बोट छातीवर सपाट दाबून धरायचं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टोकानं ठोका मारायचा. कलिंगड घेताना माणूस करतो तेच. आत हवा असली तर आवाज पोकळ येतो. फुप्फुस भरलेलं असलं तर भिंतीवर मारल्यासारखा बद्द येतो. हे मला डॉक्टर ग्लेब अर्काद्येविच यांनी शिकवलं. लढाईत तोफांजवळ राहून त्यांचे कान गेले होते आणि दरवर्षी आणखी जात होते, म्हणून ठोकायचं काम माझ्याकडे आलं. मी ठोकून मोठ्यानं सांगायची, पोकळ, बद्द, अर्धवट. आणि ते कागदावर छापलेल्या छातीत रंगीत पेन्सिलीनं भरायचे.

"सेइलकान, तू माझे कान आहेस," ते म्हणायचे. "तेव्हा तुला सर्दी व्हायला परवानगी नाही."

१९२८ च्या ऑक्टोबरात एका मंगळवारी पहिला नंबर इस्मारचा होता. इस्मार दुंगान, म्हणजे चीनकडून येऊन वसलेल्या मुसलमानांपैकी, गावाच्या खालच्या अंगाला त्याचा लसणाचा मळा. पस्तिशीचा, तोंडाळ माणूस. तीन महिने रक्त पडत होतं, तरी तोंड बंद नव्हतं. सदरा काढून स्टुलावर बसला आणि म्हणाला, "वाजवा, एजे. लग्नाचा ढोल नाही, पण वाजतो बरा." एजे म्हणजे थोरली बहीण; सगळे रोगी मला तसंच म्हणत.

डाव्या बाजूला, गळ्याच्या आडव्या हाडाखाली मी तीन ठोके मारले. बद्द. तसं सांगून मी बोट खाली सरकवणार, तेवढ्यात आतून तीन ठोके आले.

२

मी हात काढून घेतला नाही. पहिल्यांदा मला वाटलं, काळीज. मग वाटलं भट्टीचं धुराडं. पत्रा तापला की टकटक करतो. मागच्या अंगणात कोणीतरी लाकडंही फोडत होतं. मी खिडकीतून ओरडून त्याला थांबायला सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक धरून बंद केला.

दोन ठोके मारले. आतून दोन आले.

पाच मारले, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये मुद्दाम थांबले. आतून पाच आले आणि तेही चौथ्यानंतर थांबले.

काळजाला मोजता येत नाही.

"काय, एजे," इस्मार मान वळवून म्हणाला, "घरात कोणी आहे का?"

त्याला स्वतःला काहीच जाणवत नव्हतं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांना ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. मी त्यांचा हात धरला, त्यांचं बोट त्या जागेवर ठेवलं आणि वरून ठोकलं. एक, दोन, तीन. बहिऱ्या माणसाच्या बोटांना कानाइतकं कळतं, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. ते क्षणभर वाट पाहत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. त्यांनी हात ओढून घेतला आणि बोट कोटाला पुसलं.

"काळीज," ते म्हणाले. "ठोका चुकतोय. लिही."

"डॉक्टर, ते—"

"काळीज म्हटलं ना? पुढचा माणूस बोलव."

त्यानंतर त्यांनी इस्मारच्या छातीला कधी हात लावला नाही.

३

इस्मार बरा होऊ लागला. खोटं वाटेल अशा वेगानं. महिन्याभरात सहा किलो वजन वाढलं. थुंकीचे तीन नमुने सूक्ष्मदर्शकाखाली मी स्वतः पाहिले, एकातही जंतू नव्हते. डॉक्टरांनी कागदावर 'सुधारणा' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

नोव्हेंबरात खोगीर शिवणारा मोल्दोकुल उत्तर देऊ लागला. मग तारकचेरीतली क्लावदिया. दोघंही गेल्यात जमा होती. दोघांचं ताट भरून जेवण सुरू झालं, गाल भरले. बाकीचे मात्र पूर्वीसारखेच येत होते, खोकत होते, मरत होते.

मी विचार करणारी बाई आहे. ताश्कंदला दोन वर्षं शिकले, भुताखेतांच्या गोष्टींना हसले. मी मनाशी दिवस जुळवून पाहिले. मोल्दोकुलचा नंबर एका मंगळवारी इस्मारच्या लगोलग मागे होता. क्लावदियाचा दुसऱ्या एका शुक्रवारी, तसाच. त्या दोन्ही दिवशी कार्बोलिकचं पाणी संपलेलं होतं आणि मी मध्ये हात धुतले नव्हते.

म्हणजे ते माझ्या ठोकणाऱ्या बोटातून गेलं होतं. क्षय घरोघर कसा जातो हे मी बायकांना शिकवायची: वेगळा वाडगा ठेवा, हात धुवा, एकाचा टॉवेल दुसऱ्यानं घेऊ नका. आता मी स्वतःच तो टॉवेल झाले होते.

डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे ते आणखी वेडगळ वाटलं.

"बरे होताहेत ना?" ते म्हणाले.

"होताहेत."

"मग मला झोप येत नाही ते माझं मी बघेन. तू हात धुत जा."

४

रोग्यांच्या घरी जाऊन पाहणं हेही माझंच काम. खिडकी उघडी असते का, बिछाना वेगळा आहे का. डिसेंबराच्या सुरुवातीला एका सकाळी मी इस्मारच्या घरी गेले. त्याची बायको साफिये चुलीजवळ कणीक ओढून शेवया करत होती. तिनं मला बसायला सांगितलं, दारातून मळ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बरा झाला, एजे. तिघांचं काम एकटा करतो."

"मग चेहरा असा का?"

"पूर्वी मीठ कमी पडलं तर वाडगा आपटायचा. माझ्या आईचा उद्धार करायचा. आता मी मीठ घालतच नाही. चार दिवस झाले. गपचूप खातो आणि वाडगा धुऊन ठेवतो."

मी हसायचा प्रयत्न केला. "बायकांना असा नवरा हवाच असतो."

"तुम्हाला हवा असेल तर न्या." ती हसली नाही. "दुपारी पोरं झोपली की त्यांच्यापाशी जाऊन बसतो. छातीवर बोट ठेवतो, असं." तिनं पिठाचं बोट पाटावर टेकवलं. "आणि तुम्ही करता तसं ठोकतो. मग थांबतो. परवा धाकटीपाशी किती वेळ बसला होता! मी मागे उभी होते, त्याला पत्ता नाही."

"कशाची वाट बघतो?"

"ते तुम्ही सांगायचं. तुमच्याकडूनच शिकून आलाय."

तेवढ्यात इस्मार दारात आला. हातात फावडं, बुटांना बर्फ. तब्येतीनं लाल. "या, एजे," तो म्हणाला. आधी तो मला कधी 'या' म्हणाला नव्हता. 'आली का पोलीस' म्हणायचा. तो माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याखाली पाहत होता, माणूस बंद दाराकडे पाहतो तसा.

काय वाटलं कोण जाणे, त्याला जागं करावं म्हणून मी त्याचीच थट्टा त्याच्यावर उलटवली. "काय रे इस्मार, घरात कोणी आहे का?"

त्यानं थोडा वेळ नीट विचार केला.

"हो," तो म्हणाला.

साफिये फाटकापर्यंत माझ्यामागे धावत आली. तिच्या हातांचं पीठ वाळून भेगाळलं होतं. "एजे, तो खोकणाराच बरा होता हो. तोच परत मिळतो का बघा ना."

५

आता उमसुनबद्दल सांगायला हवं. ती माझी धाकटी बहीण. सोळा साली बंड मोडायला फौज आली आणि आमची माणसं डोंगरातल्या खिंडीतून चीनकडे पळाली, तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि मी चौदाची. आईबाप खिंडीत राहिले. मी तिला पाठीवर बांधून पलीकडे नेलं आणि वर्षानं परत आणलं. पुढे मी शिकले, तिला शिकवलं. ती शाळेत मास्तरीण होणार होती. उन्हाळ्यात तिच्या थुंकीत जंतू सापडले, तेही मीच पाहिले. रोगट फुप्फुस दबून त्याला आराम मिळावा म्हणून डॉक्टरांनी बरगड्यांत सुई घालून हवा भरून पाहिली, पण फुप्फुस बरगड्यांना आतून चिकटलेलं होतं, दबलं नाही.

घरी मी तिला औषध द्यायची, पाणी द्यायची, केस विंचरायची. पण छातीला हात लावणं मी बंद केलं होतं. ते तिच्या लक्षात आलं.

"सगळ्या गावाच्या छात्या ठोकतेस," ती एकदा म्हणाली, "माझीच तुला किळस येते?"

मग मी तिला सगळं सांगितलं. इस्मार, मोल्दोकुल, साफियेचं मीठ. ती खिडकीशी पडून ऐकत होती. बाहेर लख्ख ऊन, कुंपणावर कावळे. मला वाटलं ती हसेल.

"म्हणजे मी वाचू शकते," ती म्हणाली.

"शरीर वाचतं."

"आणि मी?"

"मला माहीत नाही, उमसुन."

ती बराच वेळ कावळे बघत राहिली. अठरा वर्षांची होती ती. जगायची इच्छा तिच्या तोंडावर इतकी उघडी दिसत होती की मी मान फिरवली.

"नको," ती शेवटी म्हणाली. "तू मला खिंडीतून आणलंस ती मी. दुसरंच कोणी माझ्या अंगात बसून तुझ्या हातचं जेवणार असेल तर नको. शपथ घे."

मी घेतली. भाकरीवर हात ठेवून घेतली.

६

जानेवारीच्या मध्याला तिला मोठं रक्त पडलं. बादलीभर म्हणावं इतकं. सोमवारी दिवसभर ती शुद्धीत नव्हती. मंगळवारी सकाळी शेजारच्या बाताकान आपाला तिच्यापाशी बसवून मी दवाखान्यात गेले. औषध आणायला जाते असं आपाला सांगितलं होतं.

इस्मार तपासणीला आला होता. मी त्याला पहिला आत घेतला. तीन ठोके मारले. तीन आले, लगेच, जणू दाराआड उभंच होतं कोणी. मी उजवा हात उचलला आणि हवेत तसाच धरून उभी राहिले.

डॉक्टरांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ते उठले, माझा कोट माझ्या खांद्यांवर टाकला आणि दार त्यांनी स्वतः उघडून धरलं.

गावातून घरापर्यंत पाव तासाची वाट. उजव्या हाताचा कशालाही स्पर्श होऊ द्यायचा नव्हता. बर्फावरून घसरले तरी डाव्यानंच सावरायचं. ओळखीचा एक गाडीवान हात मिळवायला आला, मी मान हलवून पुढे गेले, तो मागून म्हणाला, "शिकली की मोठी झाली!" कोपऱ्यावर एक कुत्रं त्या बोटाचा वास घ्यायला आलं आणि कान पाडून बाजूला झालं. की तसं मला वाटलं. कुत्री थंडीतही कान पाडतात. फाटक कोपरानं ढकललं. बाताकान आपा दारातच उभी होती, गरम भाकरी घेऊन.

"खा दोन घास. तोंड बघ तुझं."

"नको, आपा."

"धर म्हणते! काल संध्याकाळपासून पोटात काही नाही तुझ्या." तिनं भाकरी माझ्या उजव्या हाताकडे पुढे केली. मी इतक्या जोरात मागे सरले की ती दचकली.

"हात घाण आहे माझा," मी म्हणाले. "तुम्ही घरी जा. मी आहे आता."

खोलीत ऊन भरलं होतं. उमसुन झोपली होती, ओठ पांढरे. मी तिच्या अंगरख्याची दोन बटणं डाव्या हातानं सोडली. बोट ठेवलं. केवढी बारीक झाली होती! शपथेची आठवण झाली नाही असं मी म्हणणार नाही. पुरती आठवली, शब्दन् शब्द.

एक, दोन, तीन.

बद्द आवाज. नुसता बद्द. मी वाट पाहिली. उन्हाचा पट्टा पलंगावरून जमिनीवर उतरला तरी वाट पाहत होते, आणि साफियेचा नवरा पोरांपाशी असाच वाट बघत बसतो ते तेव्हा मला आठवलं. मी बटणं लावून टाकली.

गुरुवारी तिला शुद्ध आली. अगदी स्वच्छ. थोडं दूध प्यायली. "तू ठोकलंस का गं?" तिनं विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि माझा हात हातात घेतला. शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास ती गेली. डॉक्टर आले, त्यांनी पापण्या उचलून पाहिल्या, आरसा धरला, नाडीवर बोट ठेवून पाच मिनिटं उभे राहिले. मग ते बोट काढून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

७

शनिवारी सकाळी आम्ही तिला आंघोळ घातली. बाताकान आपा कोमट पाणी ओतत होती, दोन बायका पडदा धरून उभ्या होत्या, मी हाताला कापड गुंडाळून पुसत होते. खांदे, गळा, छाती. डावा हात तिला सरळ ठेवायला छातीवर टेकलेला होता.

खालून तीन ठोके आले.

मी मारले होते तसेच, तेवढ्याच अंतरानं. चार दिवस उशिरा.

"काय झालं?" आपा म्हणाली. "पाणी गार आहे का?"

"नाही. ओता."

मी पुसण्याच्या निमित्तानं पुन्हा सगळं पाहिलं. बुबुळं मळली होती. जबडा, कोपरं ताठ. पाठीवर रक्त साकळल्याचे जांभळे डाग. एक दिवसाचं प्रेत. प्रेतात वायू धरतो, आवाज होतात, हे मी कितीतरी घाबरलेल्या नातेवाइकांना समजावलं आहे. मी बोट पुन्हा ठेवलं. आता ठोके सलग येत होते, एकामागून एक, न मोजता. मी काहीच विचारलं नव्हतं.

आम्ही तिला कफनात गुंडाळलं. गाठी मी मारल्या.

बाहेर पुरुष जमले होते. त्यांत इस्मारही होता, मोल्दोकुलही. जनाजा उचलला, बायकांनी गळा काढला, आणि फाटकापाशी पुढचा दांडा धरलेला इस्मार थांबला. त्याच्यामुळे सगळेच थांबले. त्यानं मोकळा हात मागे करून कापडावर ठेवला. मग लोकांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात कुणी दार वाजवलं की मी डॉक्टरांकडे पाहते, तसं. घेऊ का आत? की कफन उघडू? मला कळलं नाही तो काय विचारतोय.

मी मान हलवली. नाही.

त्यानं हात काढला आणि ते पुढे गेले.

दुपारी माणसं परतली, हात धुऊन जेवायला बसली. इस्मार त्यांच्यात नव्हता. मी मोल्दोकुलला विचारलं. तो कोपऱ्यात वाकून बसला होता, तोंडाला रुमाल लावून, आणि खोकत होता.

"तो मागे राहिला," तो धाप टाकत म्हणाला. "कबरीवर कान लावून बसलाय."

अंधार पडायच्या आत इस्मार घरी गेला. दुसऱ्या दिवशी साफिये धावत आली. रडत होती की हसत होती सांगता येईना. "एजे, वाडगा फोडला! मीठ नाही म्हणून भिंतीवर फोडला!" आणि मग तोंडावर हात घेऊन, "रक्त पडतंय हो त्याला."

मार्चमध्ये मी त्याची छाती शेवटची ठोकली. दोन्ही बाजू बद्द. मी थांबले, नेहमीपेक्षा जास्तच थांबले. आत शांत होतं. क्लावदिया तर फेब्रुवारीतच गेली होती.

"कोणी नाही ना आता?" इस्मारनं विचारलं. पूर्वीसारखा नाही, हळू.

"कोणी नाही."

"बरं वाटतंय, एजे. मरायला झालंय, पण बरं वाटतंय." त्यानं सदरा घातला. ते कुठं गेलं, असं त्यानं विचारलं नाही.

मला त्याचं उत्तर ठाऊक आहे, ते उमसुनच्या छातीत शिरून तिच्याबरोबर मातीत गेलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते शेवटचे न मोजता आलेले ठोके आठवले की खात्री जाते. ते कधी न मोजता ठोकत नसे. घाईनं, सलग, कसंही ठोकतं ते माणूस, आत अडकलेलं. गावात माझ्याइतकं छातीचं ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि माझ्या बहिणीच्या छातीतून कोण ठोकत होतं हे मला ओळखता आलं नाही.

तिच्या कबरीवर मी दरवर्षी जाते. बाकीच्या बायका मातीवर तळहात टेकून दुआ मागतात. मी दोन्ही हात बाह्यांत घालून उभी राहते. लोक म्हणतात, सेइलकानला भर जुलैतसुद्धा थंडी वाजते.